सायकलच्या इंजिनचा एअर लीक असा काढा
भावांनो, सायकलला बसवलेल्या टू-स्ट्रोक इंजिनची रेस थ्रॉटल सोडला तरी खाली येत नसेल तर बहुतेक कार्बोरेटरच्या जोडातनं हवा घुसतीय बघा, आणि हवा वाढली की पेट्रोलसोबत येणारं ऑइलपण कमी पडतंय, पिस्टन जाम व्हायचा धोका, म्हणून लगेच बघा. इंजिन चालू ठेवून जोडावर साबणाचं पाणी थेंब थेंब सोडा, आवाज बदलला की लीक तिथंच. पेट्रोल अजिबात मारू नका, सायलेन्सर शेजारीच तापलेला असतोय. माझ्या कार्बच्या तोंडातली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) पार चपटी, नखानं दाबली तरी दबत नव्हती, नवी उद्यमनगरात मिळाली. मॅनिफोल्डची, म्हणजे कार्ब इंजिनला जोडणाऱ्या नळीची, फ्लँज (चपटी कड) काचेवर पॉलिश पेपर ठेवून सगळीकडं सारखी चमक येईस्तोवर घासा, नवीन गॅस्केट (जोडातलं पातळ सील) टाका, नट दोन्ही आळीपाळीनं थोडे थोडे आवळा.