फ्री जॅझचा लाइव्ह अल्बम कसा ऐकावा: पहिल्या पाच बैठकांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या रसिकाचा कान तसा तयारच असतो. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा. पलीकडे धारवाड-हुबळीला मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल झाल्या. गल्लोगल्ली भजनी मंडळं आहेत आणि वरातीच्या बँडमधला सॅक्सोफोन लहानपणापासून कानावर पडलेला आहे. गाणं जागच्या जागी फुलवत नेणं इथे कुणाला नवं नाही. तरीही फ्री जॅझ, म्हणजे ठरलेलं आवर्तन आणि ठरलेली स्वररचना पाळण्याचं बंधन नसलेला जॅझ, लावला की पाचव्या मिनिटाला बंद होतो. कारण बहुधा एकच असतं. ऐकणारा सम शोधत बसतो आणि सम काही येत नाही. या संगीतात मात्रा मोजायच्या नसतात, वाजवणारी माणसं धरायची असतात. पुढची सगळी कृती त्यासाठीच आहे.

अल्बमची निवड

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर मोठा ताफा टाळा. आठ जण एकदम वाजवू लागले की नवख्या कानाला नुसता गोंगाट ऐकू येतो. तिघांचा संच घ्या. त्यासाठी ऑर्नेट कोलमनचा ‘ॲट द गोल्डन सर्कल’, खंड १, याहून सोयीचा अल्बम सापडणं कठीण. ३ आणि ४ डिसेंबर १९६५ ला स्टॉकहोममधल्या गोल्डन सर्कल या क्लबात हे ध्वनिमुद्रण झालं. आल्टो सॅक्सोफोनवर कोलमन, डबल बेसवर डेव्हिड आयझेन्झन, ड्रम्सवर चार्ल्स मॉफेट. पियानो किंवा गिटार नाही, त्यामुळे प्रत्येक वाद्याभोवती भरपूर मोकळी जागा आहे. मूळ एलपीवर चारच रचना आहेत. पुढे आलेल्या सीडी आवृत्तीत जादा तुकडे जोडले आहेत, ते सुरुवातीला सोडून द्या.

यंत्रणा

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. डबल बेसची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. मोबाइलचा स्पीकर किंवा मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर इतका खाली उतरूच शकत नाही. त्यावर हा अल्बम लावला तर तिघांतला एक जण जवळजवळ गायब होतो, उरतो सॅक्सोफोन आणि झांजांचा किणकिणाट. मग ‘हे कर्कश आहे’ असं वाटणारच. कान पूर्ण झाकणारा, वायरचा साधा हेडफोन याहून कितीतरी बरा.

घरी दोन स्पीकर असतील तर त्यांच्यामध्ये पाच-सहा फूट अंतर ठेवा आणि स्वतः तेवढ्याच अंतरावर बसा, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण होईल. उंच स्वरांचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीला यावा. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट तरी जागा सोडा. कोपऱ्यात ढकललेला स्पीकर बेस फुगवतो आणि आयझेन्झनची बोटं ऐकू येण्याऐवजी नुसती घुमघुम ऐकू येते.

मग मोबाइलमध्ये चार गोष्टी तपासा. शफल बंद. बेस बूस्ट आणि इक्वलायझर बंद. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय बंद, कारण काही ॲपमध्ये ती हळू आणि मोठ्या आवाजातला फरकच दाबून टाकते. सुलभतेच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू राहिला असेल तर तोही बंद करा, नाहीतर तिन्ही वाद्यं एकाच जागी गोळा होतात. अल्बम आधीच डाउनलोड करून ठेवा. ३२० केबीपीएस या दर्जाला ४० मिनिटांचे साधारण ९६ एमबी होतात. ऐन रंगात आलेला सोलो, म्हणजे एकाच वादकाचा मुख्य भाग, रेंज गेल्यामुळे तुटला की पुन्हा मन बसत नाही.

आवाज एकदाच लावायचा. सगळे जोरात वाजवत असतील त्या जागी तो सुखकारक वाटेल इतका ठेवा आणि मग बटणाला हात लावू नका. बेसचा हळू भाग आला म्हणून आवाज वाढवाल तर पुढचा ड्रमचा फटका कानात बसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं, ९० डेसिबलला फक्त ४ तास.

वेळ

जुलैत खानापूरकडे कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस कोसळत असताना स्पीकरवर ऐकण्यात अर्थ नाही. पावसाच्या आवाजात उंच कंप्रतेचा भाग मोठा असतो आणि तो झांजांची टोकं व बेसच्या तारेवर घासायच्या गजाची खरखर झाकून टाकतो. त्या दिवसांत हेडफोनच लावा. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाजवळ दोन तास काढले असतील तर त्या रात्री हा अल्बम लावू नका. मोठ्या आवाजानंतर कान काही तास बधिर राहतो आणि बारीक आवाज पोचतच नाहीत.

एका बैठकीला एक किंवा दोनच रचना घ्या. स्वयंपाक करता करता पार्श्वभूमीला लावायचं हे संगीत नव्हे. लक्ष दिलं नाही तर ते खरोखरच त्रास देतं.

पाच फेऱ्या

खंड १ मधली ‘युरोपियन एकोज’ ही रचना घ्या आणि दर वेळी वेगळ्या गोष्टीकडे कान देऊन ती पाच वेळा ऐका. आठ मिनिटांच्या आतबाहेरची आहे. सुरुवातीची धून तीनच्या ठेक्यातली, लहान मुलालाही गुणगुणता येईल इतकी सोपी.

पहिली फेरी: काही लिहायचं नाही. फक्त धून कुठे सुटते आणि शेवटी कुठे परत येते एवढं पकडा. ख्यालात मुखडा प्रत्येक आवर्तनाला भेटतो. इथे तो दोन टोकांनाच भेटतो आणि मधला पल्ला मोकळा असतो. त्या पल्ल्याची लांबी आधी ठरलेली नसते, म्हणूनच बोटांवर मोजणं निरुपयोगी. ठेका मात्र ऐकू येतो. ठेका आहे आणि आवर्तन नाही, ही स्थिती अंगवळणी पडायला दोन-तीन दिवस लागतात.

दुसरी फेरी मॉफेटची. सॅक्सोफोनकडे मुद्दाम दुर्लक्ष करायचं. उजव्या हाताची मोठी सपाट झांज म्हणजे राइड सिंबल आधी धरा. काठीचं टोक झांजेच्या मधल्या भागावर पडलं तर टणत्कार स्पष्ट येतो, काठाकडे पडलं तर सळसळ पसरते. वादक इकडून तिकडे कधी सरकतो ते ऐका. मग पायाने मिटणारी झांजांची जोडी म्हणजे हाय-हॅट, मग स्नेअर या करकरीत आवाजाच्या छोट्या ड्रमवरचे अवचित फटके. तबला येणाऱ्यांनी इथे सावध राहावं. तिहाई आल्याचा भास होतो आणि मन समेची वाट बघू लागतं, पण हे फटके बहुधा सॅक्सोफोनच्या वाक्याला दिलेलं उत्तर असतात.

तिसरी फेरी बेसची. हीच सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची. आपल्या मैफलीत तंबोरा षड्ज धरून असतो, त्यामुळे गवय्या कितीही लांब गेला तरी घर कुठे आहे ते कळतं. इथे तंबोरा नाही आणि ठरलेल्या कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांची, साखळी पाळण्याचं बंधनही नाही. कान निराधार होतो तो यामुळे. अशा वेळी बेसला टेकावं, पण तो स्वतःही जागा बदलतो हे लक्षात ठेवून. आयझेन्झनचं शिक्षण पाश्चात्त्य अभिजात पद्धतीचं, त्यामुळे गज चालवण्यात हात पक्का. ‘डॉन’ ही संथ रचना याच फेरीसाठी राखून ठेवा. गज तारेवर टेकताना राळेची किंचित खरखर आधी येते, स्वर तिच्या पाठोपाठ उमलतो. पुढे गज तारेच्या वरच्या भागात गेला की डबल बेस सारंगीच्या इतका जवळ जातो की हा बेसच का, असं वाटावं.

चौथ्या फेरीत कोलमनकडे वळा आणि त्याचा श्वास ऐका. वाक्य कुठे तुटतं, पुढचं वाक्य त्याच उंचीवरून उचललं की दुसरीकडून. कुमारांच्या गायकीतल्या छोट्या, धारदार फेकी ज्यांनी मन लावून ऐकल्या आहेत त्यांना ही सवय आयतीच असते. कोलमनचे स्वर पियानोच्या मापाला चिकटून नसतात, किंचित चढे-उतरे असतात. ती चूक नव्हे. मींड आणि श्रुतींवर वाढलेल्या कानाला ते लवकर पटतं.

पाचव्या फेरीत जोड्या धरा: सॅक्सोफोन-ड्रम्स, मग ड्रम्स-बेस. कोण आधी हलतो आणि दुसरा किती वेळात ओळखतो? लाइव्ह अल्बमचं सगळं वैभव या क्षणांत आहे, कारण तिथे थांबून पुन्हा घ्यायची सोय नसते. टाळ्यांचाही उपयोग करा. जॅझमध्ये त्या बहुधा एकेकाचा सोलो संपल्यावर पडतात, त्यामुळे हद्दी कळतात. मात्र अल्बमचा क्रम म्हणजे मैफलीचा क्रम असं धरू नका. दोन रात्रींतून निवडून हा खंड केलेला आहे.

वहीत मिनिट-सेकंद आणि एक शब्द एवढंच लिहा: ‘गज’, ‘थांबला’, ‘उत्तर’. लांब लिहीत बसलात तर पुढची वीस सेकंदं हातची जातात.

चार-पाच जण मिळून ऐकणार असाल तर वाद्यं वाटून घ्या. तबलावाल्या काकांना ड्रम्स, पेटीवाल्या मावशींना बेस, तरुण मंडळींना सॅक्सोफोन. रचना संपेपर्यंत बोलायचं नाही, संपल्यावर आपापलं सांगायचं आणि मग वाद्यं बदलून तीच रचना पुन्हा लावायची. दुसऱ्या वेळी काकांना ड्रम्सऐवजी बेस द्यायला विसरू नका, कारण ओळखीच्या वाद्यावरच कान अडकून राहतो.

पुढचे अल्बम

यानंतर त्याच क्लबातला खंड २. त्यातल्या पहिल्या रचनेत कोलमन सॅक्सोफोन ठेवून व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवतो. मग पियानोवादक सेसिल टेलरचं कोपनहेगनमधलं नोव्हेंबर १९६२ चं ध्वनिमुद्रण घ्या. त्यात बेसच नाही आणि ड्रम्सवरचा सनी मरे ठेकाही सोडून देतो, म्हणून तिसऱ्या फेरीचा आधार तिथे मिळणार नाही. तिथे पियानोच्या दाट-विरळ होण्याकडे लक्ष ठेवा. कोलमनचाच ‘साउंड ग्रामर’ हा जर्मनीत २००५ मध्ये मुद्रित झालेला लाइव्ह अल्बमही जरूर ऐका. त्याला २००७ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्यात दोन बेस आहेत, एक बोटांनी छेडलेला आणि दुसरा बराचसा गजाने वाजवलेला.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या जुलै १९६६ च्या जपान दौऱ्यातलं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ सर्वांत शेवटी. ते जवळजवळ तासभर चालतं आणि सुरुवातीला जिमी गॅरिसनचा एकट्याचा लांबलचक बेस आहे. एका दिवशी तेवढा बेसच ऐका आणि सॅक्सोफोन सुरू झाला की थांबवा. बाकीचं दुसऱ्या दिवशी, ताज्या कानाने.