लहान इंजिनांच्या लेड-ॲसिड बॅटरीची तपासणी, चार्जिंग आणि निगा

मोटारसायकल, जनरेटर किंवा गवत कापण्याच्या यंत्राची बॅटरी वापरून जितकी झिजते, त्याहून अधिक ती अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने निकामी होते. बॅटरी उतरत असताना तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा बारीक थर बसतो. हा थर ताजा असेपर्यंत चार्जिंगने विरघळतो. मात्र काही आठवडे तसाच राहिला तर त्याचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निरुपयोगी ठरतो. पुढील बहुतेक सूचनांच्या मुळाशी हेच कारण आहे.

तपासणीची सुरुवात मल्टिमीटरने करावी. मात्र इंजिन बंद केल्यावर किंवा चार्जर काढल्यावर लगेच घेतलेले माप फसवे असते, म्हणून बॅटरीला किमान चार-पाच तास, शक्य असल्यास रात्रभर, स्वस्थ ठेवावे. त्यानंतर १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसल्यास ती पूर्ण भरलेली आहे असे समजावे. सीलबंद एजीएम प्रकारात (ज्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते) हा आकडा थोडा अधिक असतो. १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, तर १२ व्होल्टवर बॅटरी जवळजवळ उतरलेलीच असते. पूर्ण चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच घोटाळत असेल, तर बॅटरीतील सहा सेलपैकी (सुमारे दोन-दोन व्होल्टच्या स्वतंत्र कप्प्यांपैकी) एक शॉर्ट झाला असण्याची दाट शक्यता असते.

व्होल्टेज चांगले आहे म्हणजे बॅटरी चांगली आहे, असे मात्र नव्हे. मीटरची टोके बॅटरीवर धरून दुसऱ्या व्यक्तीला स्टार्टरचे बटण दाबायला सांगावे. इंजिन फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली न गेल्यास चिंता नसावी. तो एकदम सात-आठवर कोसळला, तर बॅटरीत दम उरलेला नाही. आकडा टिकला आणि तरीही स्टार्टर सुस्तच फिरला, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीवरील वायरच्या क्लिपवर टेकवून पुन्हा बटण दाबावे. येथे अर्धा व्होल्ट जरी दिसला, तरी दोष बॅटरीचा नसून सांध्यात साचलेल्या गंजाचा आहे. अनेक धडधाकट बॅटऱ्या केवळ ही तपासणी न झाल्यामुळे बदलल्या जातात.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर ॲसिडची सापेक्ष घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरसारखे विश्वासू साधन नाही. काचेच्या नळीत ॲसिड ओढून, तरंगक कडेला टेकत नाही ना हे पाहून, डोळ्यांच्या पातळीवर माप वाचावे. भरलेल्या सेलमध्ये ते साधारण १.२६५ ते १.२८० असते, उष्ण हवामानासाठी भरलेल्या काही बॅटऱ्यांत किंचित कमी असते. खरी माहिती सहा सेलमधील फरकातून मिळते. एका सेलचे माप इतरांपेक्षा ०.०५० किंवा अधिक कमी असेल, तर तो सेल गेला.

चार्जिंगचा करंट बॅटरीच्या ॲम्पिअर-अवर क्षमतेच्या सुमारे दहावा हिस्सा असावा, म्हणजे १४ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीसाठी १.४ ॲम्पिअर. मोटारगाडीचा मोठा चार्जर घाईत लावणे हा या लहान बॅटऱ्यांवरील सर्वांत सर्रास होणारा अत्याचार आहे, कारण त्याने बॅटरी तापते, पाणी उडते आणि प्लेटा वाकतात. व्होल्टेज साधारण १४.४ पर्यंत जाऊ द्यावे. सीलबंद बॅटरीत उडालेले पाणी पुन्हा भरता येत नसल्यामुळे तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली मर्यादा काटेकोर पाळावी. बॅटरी हाताला गरम लागल्यास चार्जिंग थांबवावे. या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो व तो ठिणगीने भडकतो, म्हणून जागा हवेशीर असावी आणि क्लिप काढण्याआधी चार्जर बंद करावा. डोळ्यांवर चष्मा व हातात मोजे हवेतच.

चार्ज करण्यापूर्वी प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि खुणेपर्यंतची भर चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावी, अन्यथा द्रव प्रसरण पावून बाहेर सांडतो. पाणी कमी झाले म्हणून ॲसिड मात्र घालू नये. उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते. पाणी वारंवार कमी होत असल्यास इंजिन मध्यम गतीने चालवून व्होल्टेज पाहावे. ते १३.५ ते १४.५ दरम्यान असावे; १५ च्या वर गेल्यास चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह वायर सोडवावी आणि बसवताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना सांगाड्याला लागला तरी शॉर्ट होत नाही. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. मात्र झाकणे घट्ट असावीत, कारण सोडा सेलमध्ये गेल्यास ॲसिड मारले जाते. क्लिप आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी.

यंत्र महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून, वायर सोडवून, थंड जागी ठेवावी; उष्णतेत ती आपोआप लवकर उतरते. सिमेंटच्या फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हा समज आजच्या प्लॅस्टिकच्या पेट्यांना लागू नाही. दरमहा माप घ्यावे आणि १२.४ च्या खाली जाण्याआधी पुन्हा चार्ज करावे. कडक थंडीत उतरलेली बॅटरी गोठून फुटू शकते. गोठलेली बॅटरी चार्जरला लावूच नये. पूर्ण चार्ज होऊनही रात्रभरात १२.४ च्या खाली घसरणारी बॅटरी बदलावी आणि जुनी न फोडता विक्रेत्याकडे परत द्यावी, कारण तिच्यातील शिसे पुन्हा वापरता येते.