१६, ३२ आणि ६४ बिटांच्या तिन्ही मोडमध्ये चालणारं मेमरी पुसण्याचं असेंब्ली रुटीन

जळगाव-धुळ्याकडे ८०८६ या जुन्या १६ बिटांच्या प्रोसेसरची प्रॅक्टिकलं करून असेंब्ली शिकलेल्यांसाठी हे लिहितोय. समजा, कापसाच्या जिनिंगवरच्या वजनकाट्याचा जुना डॉस प्रोग्रॅम ३२ आणि ६४ बिटांत न्यायचाय. आधीच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीच्या पावतीवर उमटायला नको, म्हणून बफर (आकडे तात्पुरते ठेवायची मेमरीतली जागा) दर वेळी शून्य करायचा. त्यासाठी तीन रुटीनं लिहू नका. एकच पुरतं:

सीएलडी
झॉर एएल, एएल
रेप स्टॉसबी
रेट

म्हणजे दिशा पुढची करा, एएल शून्य करा, तो शून्य मोजणीइतक्या वेळा मेमरीत लिहा आणि परत या. हेक्समध्ये हे सहा बाइट: एफसी, ३० सी०, एफ३ एए, सी३. १६, ३२, ६४, कुठल्याही मोडमध्ये हेच. मोड बघून प्रोसेसरच ठरवतो, की मोजणी सीएक्स रजिस्टरमधून घ्यायची, ईसीएक्समधून की आरसीएक्समधून. पत्त्याचंही तसंच, डीआय, ईडीआय किंवा आरडीआय. वेगासाठी एए (एकेक बाइट लिहिणारी स्टॉसबी) च्या जागी एबी घालायचा मोह होईल. तो टाळा. एबी १६ बिटांत दोन बाइट लिहितो आणि ३२ बिटांत चार, म्हणजे त्याच मोजणीत दुप्पट मेमरी पुसली जाते.

सीएलडी कधीही गाळू नका. डायरेक्शन फ्लॅग (लिहिण्याची दिशा ठरवणारा बिट) चढलेला असेल तर पुसणं मागे मागे जातं आणि शेजारचा डेटा उडतो.

मोजणी आणि पत्ता भरण्याचं काम रुटीनच्या बाहेर, बोलावणाऱ्याकडे ठेवा. बी९ या मूव्ह सूचनेमागे १६ बिटांत दोन बाइटांचा आकडा येतो, बाकी दोन मोडमध्ये चारचा. ती आत घातली की पुढचे सगळे बाइट चुकीचे वाचले जातात.

रिअल मोडमध्ये (डॉसचा १६ बिटांचा मोड) ईएस, म्हणजे मेमरीचा कुठला तुकडा (सेगमेंट) ते सांगणारं रजिस्टर, आधी भरा. ६४ बिटांत त्याचा बेस (सुरुवातीचा पत्ता) शून्यच धरला जातो. आणि १६ बिटांत डीआय ६५,५३५ नंतर शून्यावर येतो, हे फार जपा: डीआय ६५,००० आणि सीएक्स १,००० असेल, तर ५३६ बाइट जागच्या जागी पुसले जातात, उरलेले ४६४ सेगमेंटच्या सुरुवातीचे. अशा वेळी काम दोन तुकड्यांत करा.

विंडोजच्या ६४ बिटांत आरडीआय जपून परत द्यावा लागतो, तोही बोलावणाऱ्यानेच जपावा.

शेवटी नॅझम या असेंब्लरमध्ये तीच फाइल बिट्स १६, ३२ आणि ६४ लावून तीनदा असेंबल करा आणि तिन्ही बायनरी ताडून बघा. एका बाइटचाही फरक पडला, तर आकारावर अवलंबून असलेली एखादी सूचना आत शिरली आहे.