सोलापुरात स्थापत्य अभियंता म्हणून नेतृत्वाकडे जाताना

शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे पोलादी पुलांच्या रचनेत नाव कमावले; त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या सोलापूरच्या मुलींनी पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे साइटवरच काढावीत, असे माझे ठाम मत आहे. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पायाच्या खड्ड्यात स्वतः उतरावे, मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो ते नोंदवावे आणि मगच पुढच्या कामाला संमती द्यावी. काँक्रीट आले की स्लम्पचा, म्हणजे ओल्या काँक्रीटचा घट्ट-पातळपणा तपासण्याचा, साचा तीन थरांत भरून प्रत्येक थराला सळईचे २५ ठोसे आपल्या देखत द्यायला लावावेत, तसेच मजबुती तपासण्यासाठी काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून २८ दिवसांच्या निकालापर्यंत नोंदवही स्वतःजवळ ठेवावी.

मिस्त्री सुरुवातीला 'साहेब कुठे आहेत?' असे विचारतात, आणि ते मनाला लागतेच. तेव्हा वाद न घालता लेव्हल (उंची-पातळी मोजण्याचे उपकरण) लावून रीडिंग घ्यावे, चूक दिसल्यास काम थांबवण्याचा आदेश लेखी द्यावा. शासकीय सेवेसाठी एमपीएससीची परीक्षा आहेच. अधिकार हाती आल्यावर मात्र कनिष्ठ मुलींना मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) स्वतंत्रपणे भरू द्यावी आणि साइटवरील महिलांच्या शौचालयाचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा.