व्हिटबीला निघण्याआधी

इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावरच्या या जुन्या मच्छीमार गावाची तयारी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकापासून सुरू करा. हॉटेल, तिकिटं नंतर. तिथे राहणार असाल त्या प्रत्येक दिवसाच्या ओहोटीची वेळ कागदावर लिहून ठेवा, कारण पूर्वेकडच्या कड्याखालून सॉल्टविककडे जाणारा खडकाळ किनारा तेवढ्याच वेळात चालता येतो. पाणी उतरत असताना निघा आणि ते चढू लागायच्या आत परत फिरा. उशीर झाला तर एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे वाटच उरत नाही. कड्याला अगदी खेटून चालू नका, वरून दगड सुटतात. अडचण आलीच तर 999 फिरवून कोस्टगार्ड मागायचं, हे बरोबरच्या मुलांनाही सांगून ठेवा.

एवढी काळजी घेऊन तिथे जायचंच, कारण त्या खडकांत अ‍ॅमोनाइट, म्हणजे वळणदार कवच असलेल्या प्राचीन समुद्री प्राण्याचे जीवाश्म, सापडतात. आपल्या देवघरातला शाळिग्राम म्हणजे अशाच प्राण्याचा जीवाश्म, त्यामुळे हातात घेतल्यावर ती वळणं लगेच ओळखीची वाटतात. संत हिल्डाने सापांचे दगड केले, तेच हे, अशी तिथली दंतकथा आहे. हातोडी नेऊ नका. सुटे पडलेले तेवढेच उचला.

याच हिल्डाने 657 मध्ये स्थापलेल्या मठाच्या जागी आज नंतरच्या शतकांतल्या ॲबीचे, म्हणजे ख्रिस्ती मठाचे, भग्नावशेष उभे आहेत. ईस्टरची तारीख रोमच्या पद्धतीने ठरवायची, हा निर्णय 664 मध्ये इथेच झाला. वर जायला 199 पायऱ्या आहेत. कोणाचे गुडघे दुखत असतील तर गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते. प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुक शिकाऊ उमेदवारीच्या काळात राहिला ते ग्रेप लेनमधलं घर आता संग्रहालय आहे. हिवाळ्यात जाणार असाल तर ॲबी आणि संग्रहालय, दोन्हींच्या वेळा आधी बघा.

सामानात वारा अडवणारं जाकीट हवंच, अगदी जुलैतही. छत्री घरीच ठेवा. बूट पकड असलेले घ्या. शेवाळावर साधे बूट घसरतात.

खाण्याबाबत एक गोष्ट आधीच ठरवा. यॉर्कशायरमध्ये बऱ्याच ठिकाणी मासे आणि चिप्स (बटाट्याचे जाड काप) गाईच्या चरबीत तळतात, चिप्ससुद्धा. चालत नसेल तर ऑर्डर देण्याआधी स्पष्ट विचारा, तेलात तळणारीही दुकानं असतात. ओकच्या धुरावर धरलेली किपर, म्हणजे हेरिंग मासा, मात्र मासे खाणाऱ्याने चुकवू नये. बंदरावर बसून खाताना कागदावर हात ठेवा, सीगल थेट हातातून घास पळवतात.

मिडल्सबरोहून एस्क खोऱ्यातून येणारी रेल्वे सुंदर आहे, पण गाड्या दिवसातून मोजक्याच. परतीची वेळ आधी लिहून घ्या. एक अख्खा दिवस रॉबिन हूड्स बे या किनाऱ्यावरच्या गावासाठी राखा. कड्यावरून साधारण 10 किलोमीटर चालत जा आणि येताना बस पकडा.