अमेरिकेची गुलामगिरी आणि परराष्ट्र धोरण: अभ्यासात या चुका टाळा

‘आमिस्ताद’ आणि ‘क्रिओल’ या दोन जहाजांची खिचडी करणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. दोन्हींवर बंड झालं, सालं जवळची, म्हणून गाइडवाले दोन्ही एकाच ओळीत उरकतात आणि घाईत वाचणारा तेच पाठ करतो.

‘आमिस्ताद’ स्पॅनिश जहाज. १८३९ मध्ये क्यूबातल्या हवानाहून नेल्या जाणाऱ्या ५३ आफ्रिकनांनी त्याचा ताबा घेतला. पुढे ते अमेरिकेच्या लाँग आयलंडजवळ पकडलं गेलं. स्पेनने अमेरिकेसोबतच्या १७९५ च्या करारावर बोट ठेवून ‘आमचा माल परत द्या’ म्हटलं. मार्च १८४१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या आफ्रिकनांना सोडलं, पण गुलामगिरी बेकायदा ठरवून नव्हे. आफ्रिकेतून गुलाम आणायला स्पेनच्याच कायद्याने बंदी होती, म्हणून ही माणसं मुळात कुणाची मालमत्ता नव्हती. कप्तानाचा गुलाम अंतोनियो मात्र परत पाठवायचा ठरला. अंतोनियोला गाळलं की अख्खा निकाल उलटा कळतो.

‘क्रिओल’ अमेरिकन. नोव्हेंबर १८४१ मध्ये व्हर्जिनियाहून १३५ गुलाम न्यू ऑर्लिन्सला चालले होते. हा देशांतर्गत व्यापार अमेरिकेत कायदेशीर होता. मॅडिसन वॉशिंग्टनसह १९ जणांनी बंड करून जहाज ब्रिटिश बहामातल्या नासाऊला नेलं, आणि तिथे गुलामगिरी संपलेली होती. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वेबस्टर यांनी ब्रिटनकडे या गुलामांची मागणी लावून धरली, तरी दोन्ही देशांतल्या १८४२ च्या वेबस्टर-अ‍ॅशबर्टन तहात यावर कलम नाही. १८५५ मध्ये लवादाने १,१०,३३० डॉलर भरपाई मंजूर केली, तीही मालकांना.

माझी सवय अशी: जहाजाचं नाव आलं की समासात चार गोष्टी लिहायच्या. झेंडा कुणाचा, निघालं कुठून, पोचलं कुठे, आणि तारीख १ ऑगस्ट १८३४ च्या आधीची की नंतरची. त्या दिवशी ब्रिटिशांचा गुलाममुक्ती कायदा लागू झाला. गुलाम नेणारी ‘कॉमेट’ आणि ‘एन्कोमियम’ ही अमेरिकन जहाजं त्याआधीची, म्हणून ब्रिटनने भरपाई दिली. १८३५ च्या ‘एंटरप्राइझ’ची तेव्हा नाकारली. ‘तारखा कशाला, आशय सांगा’ म्हणणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही.

टेक्सस अमेरिकेत तहाने सामील झालं, असं लिहू नका. तह सेनेटने जून १८४४ मध्ये ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला. १८४५ मध्ये काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) संयुक्त ठरावाने काम झालं.

मेक्सिकोकडून मिळणाऱ्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी घालू पाहणारी विल्मट तरतूद कधीच कायदा झाली नाही.

स्पेनकडून क्यूबा घेण्याबद्दलचा १८५४ चा ऑस्टेंड जाहीरनामा नावालाच जाहीर. तो अमेरिकेच्या तीन राजदूतांनी आपल्या सरकारला पाठवलेला गोपनीय मजकूर होता.

हैती १८०४ मध्ये स्वतंत्र झालं म्हणून अमेरिकेची मान्यताही तेव्हाचीच धरू नका. ती १८६२ मध्ये मिळाली, गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे बहुतेक सदस्य काँग्रेस सोडून गेल्यावर.