एज्युकेशनल टेक्नॉलॉजी शिकायलात ना, मग आधी आपलं उद्दिष्ट नीट लिहा

एज्युकेशनल टेक्नॉलॉजीच्या, म्हणजे शिकवण्यात तंत्रज्ञान कसं वापरायचं ह्याच्या, कुठल्याबी कोर्सला नाव टाकलं की सुरुवातीलाच एक स्वाध्याय येतो, तुमची व्यावसायिक उद्दिष्टं लिहा. मग ग्रुपवर मेसेज पडतो, सर कुणाकडं तयार असंल तर टाका की. मी पण पहिल्यांदा तसंच मागून घेतलं होतं, 'तंत्रज्ञानाच्या साहाय्याने अध्यापन प्रभावी व आनंददायी करणे' असलं वाक्य लिहून दिलं, मार्क पण मिळाले, पण वर्गात गेल्यावर त्या वाक्यानं मला उद्या काय करायचं हे सांगितलं नाही. म्हणून आता जे नवीन गुरुजी-बाई विचारतात त्यांना मी जसं सांगतो तसंच इथं लिहायलोय.

सगळ्यात आधी मोबाईल बाजूला ठेवा आणि एक साधी वही घ्या. आठ दिवस रोज शाळा सुटल्यावर दोनच ओळी लिहायच्या, आज लेकरं कुठं अडकली आणि किती जण अडकली. "गणितात कच्ची" असं लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही. "2/3 मोठा का 3/5, हे 23 पैकी 14 जणांना सांगता आलं नाही, खालचा आकडा मोठा म्हणून 3/5 मोठा म्हणाले" असं लिहा. हे लिहिताना आपल्यालाच कळतं की लेकरू कुठं चुकायलंय, आणि उद्दिष्ट ह्याच ओळीतून निघतं.

सोलापूर जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले सर बघा, 2020 चं ग्लोबल टीचर प्राईझ मिळाल्यावर सगळ्यांनी क्यूआर कोडचंच नाव घेतलं, पण मूळ अडचण होती भाषेची. त्यांच्या परितेवाडीच्या शाळेतल्या लेकरांची घरची भाषा कानडी आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत, म्हणून त्यांनी धडे लेकरांच्या भाषेत आणले आणि क्यूआर कोड त्यानंतर आला. हा क्रम मला लई महत्त्वाचा वाटतो.

आता वहीतल्या अडचणी दोन ढिगात टाका. काही अडचणी टेक्नॉलॉजीनं सुटतच नाहीत, लेकरू उपाशी येतं, दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक, तिथं टॅब काही करणार नाही आणि तसं खोटं लिहूही नका. काही अडचणीत मात्र खरंच मदत होते. आपल्याकडचं ऊसतोडीचंच घ्या. दिवाळी झाली की बीड, धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात. जे लेकरू हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहिलं त्याची शाळा बुडत नाही, जे आईबापासंग गेलं ते एप्रिलच्या आसपास परत येतं, तवर वाचन मागं गेलेलं असतं. हितं मी व्हिडिओचा नाद सोडला, कारण कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागी बांधलेल्या झोपडीत, एकच फोन असतो, तो पण दिवसभर बापाकडं उसाच्या फडात, आणि डेटा संपलेला. तीन मिनिटांचे आवाजी धडे व्हॉट्सअॅपवर पाठवले, एक छोटी गोष्ट आणि शेवटी एक प्रश्न, उत्तर लेकरानं रात्री स्वतःच्या आवाजात पाठवायचं. सगळ्यांची उत्तरं रोज आली नाहीत, पण जी आली त्यातून कोण अडखळतंय ते ऐकू येत होतं, आणि आई पण बाजूला बसून ऐकते हे मला त्या आवाजातूनच कळलं.

त्यामुळं तेव्हाचं माझं उद्दिष्ट असं झालं: "नोव्हेंबर ते मार्च, स्थलांतरित 6 लेकरांना आठवड्याला 3 आवाजी धडे पाठवणार, परत आल्यावर दुसरीच्या पातळीचा उतारा 6 पैकी किमान 4 जणांनी न अडखळता वाचावा, त्यासाठी मी आवाज रेकॉर्ड करून कापायला आणि फाईल छोटी करायला शिकणार." ह्यात कोणती लेकरं, काय येणार, कधीपर्यंत, कशावरून कळणार आणि मी स्वतः काय शिकणार हे सगळं आलं. बरेच जण शेवटचंच तेवढं लिहितात, "मी अमुक अॅप शिकणार", आणि लेकरू वाक्यातून गायब होतं.

अपूर्णांकाचंही असंच लिहिता येतं. त्याला साधन म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट आहे, म्हणजे पडद्यावर हलवून-बदलून बघायच्या प्रयोगांचा (सिम्युलेशनचा) संच, कार्ल वीमन ह्या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञानं 2002 ला सुरू केलेलं, ते फुकट आहे आणि नव्या सिम्युलेशनची फाईल एकदा डाऊनलोड केली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. आपल्या शाळांसाठी हे "नेटशिवाय" फार मोठं आहे. उद्दिष्ट लिहायच्या आधीच बघून घ्या, शाळेत लाईट आहे का, का बिल थकून कनेक्शन तुटलंय, रेंज व्हरांड्यात येते का लिंबाखाली, आणि ऐन तासाला लाईट गेली तर तोच मुद्दा कागदाच्या पट्ट्या घडी घालून कसा शिकवायचा ते नियोजनात लिहून ठेवा, नाहीतर सगळा तास वाया जातो आणि लेकरांचा आपल्यावरचा भरवसा पण जातो.

कोर्समध्ये दोन गोष्टी शिकवतील त्या पाठ करून सोडू नका, आपल्या उद्दिष्टाला लावून बघा. एक टीपॅक (TPACK) नावाची चौकट, पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर ह्यांनी 2006 ला मांडलेलं. सोपं सांगायचं तर विषय येणं, शिकवता येणं आणि यंत्र चालवता येणं ह्या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. स्वतःला विचारा, माझं ह्यातलं कुठलं कच्चं आहे. माझं शिकवणं बरं होतं, यंत्र जमायला लागलं होतं, पण अपूर्णांक स्वतःलाच तितका खोल समजला नव्हता, मग पहिला महिना मी गणितच वाचलं.

दुसरं सॅमर (SAMR), रुबेन पुएंतेदुरा ह्यांचं, तंत्रज्ञानानं शिकवणं किती बदललं हे चार पायऱ्यांत बघायचं. पुस्तकाचं पान फोटो काढून प्रोजेक्टरवर दाखवलं तर ती पहिली पायरी, नुसती अदलाबदल. वरच्या पायरीला काय असतं ते आपल्या गावातल्या उदाहरणानं बघू. पाऊस सरल्यापासून मे महिन्यापर्यंत लेकरांनी दर शनिवारी गावातल्या विहिरीचं पाणी किती परस खाली गेलं ते मोठ्या माणसाला सोबत घेऊन मोजायचं, आकडे मोबाईलच्या शीटमध्ये भरायचे, आलेख काढायचा, आणि दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेनं काढलेला आलेख समोर ठेवून त्या लेकरांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं की तुमचं पाणी टिकलं अन् आमचं का आटलं. हे खडू-फळ्यावर झालंच नसतं. मराठवाड्यातल्या लेकरासाठी ह्याच्याइतका भूगोल दुसऱ्या कशात मिळंल असं मला वाटत नाही. पण दरवेळी वरचीच पायरी गाठायची असंही नाही, पहिल्या पायरीनं काम होत असेल तर तिथंच थांबा.

कोर्स निवडायचं काम उद्दिष्ट लिहिल्यावर. 'दीक्षा' आणि 'स्वयं' ह्या सरकारी ऑनलाइन मंचांवर फुकट शिकता येतं, 'निष्ठा' ह्या शिक्षक प्रशिक्षणाचे भाग दीक्षावरच होतात, इग्नू ह्या मुक्त विद्यापीठाचा एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, मुंबईला एसएनडीटी महिला विद्यापीठात तर ह्या विषयाचा वेगळा विभागच आहे, प्रवेश चालू आहेत का तेवढं आधी बघून घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नं शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासाचे सांगितलेत, ते तास ह्याच उद्दिष्टाला जोडा म्हणजे नुसती प्रमाणपत्रं गोळा होत नाहीत. वरिष्ठ वेतनश्रेणी, बढती, डायटला (जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत) जायची इच्छा, हे पण मनात असेल तर बिनधास्त लिहा, घर चालवणं ही काही लाजायची गोष्ट नाही, फक्त ती ओळ वेगळी लिहा, लेकरांच्या ओळीत मिसळू नका.

एक गोष्ट मात्र प्रत्येकानं लिहावीच. लेकरांची नावं, फोटो, मार्क कुठं टाकायचे आणि कुठं नाही, हे मी शिकणार. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या लेकराच्या माहितीसाठी पालकाची संमती सांगितलीय, आणि कायदा नसता तरी वाचता न येणाऱ्या पोरीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवणं बरोबर नाही. माझ्या वहीत मी हजेरी क्रमांकच लिहितो.

उद्दिष्टं दोनच ठेवा, फार तर तीन. कागद टेबलाच्या काचेखाली लावा आणि सहा आठवड्यांनी, लेकरं ज्यावर अडकली होती त्याच प्रश्नांची चाचणी घ्या. एखादा सोबती शिक्षक असेल तर त्यालाच घ्यायला लावा, आपण स्वतः घेतली की नकळत इशारा देतो. 14 पैकी 10 जणांना जमायला पाहिजे होतं आणि सहाच जणांना जमलं, तर आकडा खाली आणू नका, शिकवायची पद्धत बदला, आणि काय जमलं नाही ते स्वाध्यायात जसंच्या तसं लिहा. आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, पुढची शिक्षण परिषद होईल तिथं पाच मिनिटं मागून तेच सांगा, कारण शेजारच्या शाळेत पण तीच चौदा लेकरं बसलेली असतात.